नाण्यांसाठी दहापट ट्रिप्लेट भिंग: आठ महिने वापरून लिहिते आहे

सेलूच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, लग्नसराईत घागरे. मागच्या दिवाळीनंतर माहेरी वाटण्या झाल्या आणि आजीची चंची माझ्या वाट्याला आली. पानसुपारीची कापडी चंची, तीन कप्प्यांची, आणि मधल्या कप्प्यात एकोणीस नाणी. सात कलदार रुपये, सात हाली रुपये, दोन पैची भोकाची तीन नाणी, १९४७ चा वाघाचा एक रुपया आणि रामदरबाराचं एक नाणं.

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते. इकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि निजामाचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. मुक्तिसंग्राम झाला, राज्य गेलं, तरी हाली १९५९ पर्यंत बाजारात चालला. आमची आजी शेवटपर्यंत कुणी रकमेची गोष्ट काढली की आधी विचारायची, "कलदार का हाली?"

भावाचं म्हणणं, मोडून टाकू, तुला मशीनला पैसे होतील. म्हणून एका सराफाकडं गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांनी चौदा रुपये एका मुठीत घेतले, काट्यावर टाकले आणि मोडीचा भाव सांगितला. एक रुपया काळा पडलेला होता, तो बाजूला सारून म्हणाले, "याचे थोडे कमी धरावे लागतील, ताई." तो काळा रुपया मी उचलला आणि बाकीचेही उचलले. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. फक्त इतकं वाटलं की चौदा वेगवेगळी नाणी आहेत, त्यातलं एकही उलटून न बघता भाव कसा सांगता येतो? कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक असं वागलं तर मी ताग्याला हात लावू देत नाही.

मग भिंगाचा शोध सुरू झाला.

पहिलं भिंग ऑनलाइन घेतलं, १८० रुपयांचं. डबीवर ठळक "३०एक्स" आणि भिंगाभोवती छोटे एलईडी दिवे. दिसायला फार ऐटदार. पंधरा दिवस त्यानं नाणी बघितली आणि डोकं दुखायला लागलं. मध्यभागी नीट दिसायचं, कडेला अक्षरं वाकायची आणि प्रत्येक रेघेला निळी-पिवळी किनार यायची. भाचा परभणीला बी.एस्सी. करतो, त्यानं एक सोपी परीक्षा सांगितली. खोलीतली ट्यूब लावायची, भिंग कागदावर धरायचं आणि वरखाली करत ट्यूबची बारीक, स्वच्छ प्रतिमा कागदावर पडेल तिथं थांबायचं. कागदापासून भिंगापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्या आकड्यानं भागायचं. येईल तेवढी पट. माझ्या "३०एक्स" भिंगाचं अंतर आलं जवळजवळ चाळीस मिलिमीटर. म्हणजे सहापट. तीसपट असतं तर अंतर आठ-नऊ मिलिमीटर आलं असतं आणि नाण्याला नाक टेकवून बघावं लागलं असतं.

दुसरं भिंग छत्रपती संभाजीनगरला घड्याळाचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलं, १,१५० रुपयांना. कंपनीचं नाव नाही. स्टीलच्या घडीच्या कव्हरवर फक्त "१०एक्स, १८ मिमी, ट्रिप्लेट" एवढंच कोरलंय. हा अभिप्राय त्याच भिंगाबद्दल आहे. ट्रिप्लेट म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं भिंग. एकट्या काचेत जे रंगांचे पदर सुटतात आणि कडा वाकतात, ते तीन काचा मिळून सावरतात. दुकानातच ट्यूबखाली परीक्षा घेतली. पंचवीस मिलिमीटर. बरोबर दहापट. मग पर्समधून आलेख कागदाचा तुकडा काढून त्यावर धरलं. बारीक चौकोन कडेपर्यंत सरळ. अगदी शेवटच्या काठाला किंचित वाक आहे, पण तिथून कुणी बघत नाही. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पट्टी आणि आलेख कागद बरोबर न्या. दुकानदार रागावत नाहीत, उलट जरा नीट बोलायला लागतात.

कसं वापरायचं ते शिकायला मला महिना लागला. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, भुवईला हात लागेल इतकं, आणि नाणं उचलून भिंगाजवळ आणायचं. मी उलट करायची, नाणं टेबलावर आणि भिंग हातात लांब धरून. तसं केलं की दिसतं फार थोडं. नाणं कडेला दोन बोटांत धरायचं, खाली मऊ कापड अंथरलेलं हवं. अठरा मिलिमीटरच्या भिंगात तीस मिलिमीटरचा रुपया एकदम मावत नाही, म्हणून टप्प्याटप्प्यानं फिरायचं. मी शिवण तपासते तशी बघते. आधी काठ गोल पूर्ण फिरून, मग अक्षरं, मग मधलं चित्र, शेवटी मोकळी जागा.

आणि दिवा एकच. एलईडी भिंगाची खरी खोट तीच होती. चारी बाजूंनी उजेड पडला की नाण्याच्या सगळ्या सावल्या मरतात आणि सावली नसली तर ओरखडा दिसत नाही, झीजही दिसत नाही. आता मी शिलाई मशीनवरचा पिवळा बल्ब एका बाजूला ठेवते, खोलीतली ट्यूब बंद करते आणि नाणं हळूहळू कलतं करत जाते. साटीनचा तागा हातात फिरवला की त्याच्यावरून उजेडाची एक पट्टी सरकत जाते ना, न वापरलेल्या नाण्यावरून अगदी तसा उजेड फिरतो, चाकाच्या आऱ्यांसारखा. टाकसाळीत साच्याचा प्रचंड दाब बसताना धातू मधून काठाकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात. ती चकाकी त्या रेघांची. एकदा झिजली की परत येत नाही.

आता मूळ गोष्ट. माझ्याकडे १९१७ चा पंचम जॉर्जचा एक रुपया आहे, आरशासारखा चमकणारा. आणि १९०१ चा राणीछाप रुपया आहे, सराफानं बाजूला सारलेला तो काळा. नुसत्या डोळ्यांनी कुणीही १९१७ चा उचलेल. मीही उचलला होता.

१९१७ चा भिंगाखाली धरला. राजाच्या मुकुटातले मोती सुटे सुटे दिसतात, दाढीचे केस दिसतात, झग्यावर छातीशी साखळीतला हत्ती आहे त्याची सोंडसुद्धा स्पष्ट. काट्याच्या, म्हणजे मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा ठिपका. तो मुंबई टाकसाळीचा, कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो. झीज म्हणाल तर अगदी थोडी. मला आनंद झाला. मग नाणं कलतं केलं. मोकळ्या जागेत, राजाच्या नाकासमोर, केसाएवढ्या बारीक शेकडो रेघा उभ्या राहिल्या. सगळ्या एकाच दिशेनं, थोड्या गोलाईत, अंगठा फिरतो तशा. उजेडाची पट्टी फिरतच नव्हती. सगळीकडे एकसारखी मेलेली चमक. टेरिकॉटच्या पँटवर कापड न ठेवता इस्त्री फिरवली की जी चमक येते, तशी. शिंप्याला ती चमक लगेच ओळखू येते, कारण ती कापडाची नसते, कापड दुखावल्याची असते.

त्या रेघा कुठून आल्या हे मला विचारावं लागलं नाही. लक्ष्मीपूजनाला चंचीतले रुपये निघायचे. आत्या चिंच आणि राख लावून ते घासायची, मग दुधानं धुवायची आणि हळदकुंकू वाहायची. लहानपणी मी स्वतः घासलेत. चाळीस-पन्नास दिवाळ्या. आजी मात्र राणीछापाला हात लावू द्यायची नाही, "तो माझ्या आईचा आहे" म्हणायची. तो वेगळ्या चिंधीत बांधलेला असायचा.

तोच हा काळा. भिंगाखाली आधी काळपणा बघितला. काजळीसारखा वर बसलेला नाही, पातळ आहे, काठाशी निळसर आणि आत तपकिरी होत जाणारा. चांदी हवेतल्या गंधकानं वर्षानुवर्षं हळूहळू अशी होते. राणीच्या कानावरचे केस आणि गालाचा उंचवटा थोडा सपाट झालाय, तिथं चांदी जरा फिकट दिसते. पण झग्याच्या पुढच्या पट्टीवरची फुलं एकेक सुटी आहेत, पाकळ्या मोजता येतात. कशिदाकाम करणाऱ्या बाईनं तो झगा एकदा तरी भिंगातून बघावा. अक्षरांच्या मधल्या खोलगट जागेत, जिथं बोट पोचत नाही, तिथं कलतं केल्यावर उजेड अजून फिरतो. शंभर-सव्वाशे वर्षांनी. एकही घासलेली रेघ नाही.

दर्जाचे आकडे मी नंतर शिकले. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकी माणसानं तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मापनपट्टी मांडली, तीच आज जगभर वापरतात. ६० पासून वरची नाणी न वापरलेली. ५० ते ५८ म्हणजे नावापुरती झीज, ४० आणि ४५ एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), २० ते ३५ व्हीएफ (व्हेरी फाइन), १२-१५ फाइन आणि तसंच खाली. आपल्याकडचे व्यापारी बहुतेक अक्षरंच बोलतात, "व्हीएफ आहे ताई", "एक्सएफ आहे". माझ्या हिशेबानं राणीछाप एक्सएफ, चाळीसच्या आसपास. १९१७ चा तपशील बघितला तर पन्नासच्या वर जातो, पण घासलेल्या नाण्याला आकडा देत नाहीत, नुसतं "तपशील अमुक, पण साफ केलेलं" असं लिहितात आणि किंमत पडते. दोन्ही नाणी मी संभाजीनगरला एका जुन्या व्यापाऱ्याकडे नेली. त्यांनी चष्मा वर करून स्वतःचं भिंग लावलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग राणीछाप माझ्या हातात देऊन म्हणाले, "याला पाणीसुद्धा लावू नका." दर्जा त्यांनीही एक्सएफच सांगितला. माझी एक चूक मात्र काढली. १९१३ च्या रुपयाला मी व्हीएफ म्हटलं होतं. त्यांनी काठ फिरवून दाखवला, एका जागी दाते चेपलेले होते, नाणं कधीतरी फरशीवर आपटलेलं. काठ नीट फिरून बघायची शिस्त मी तेव्हापासून घट्ट धरली.

इथं दहापटच का, हे सांगायला हवं, कारण दुकानात तुम्हाला वीस आणि तीसपट भिंगं दाखवतील. ७० म्हणजे निर्दोष नाणं, आणि त्याची व्याख्या दर्जा देणारी मोठी अमेरिकी संस्था एनजीसी अशी करते की पाचपट मोठं करून बघितलं तरी टाकसाळीतून निघाल्यानंतरचा कुठलाही दोष दिसता कामा नये. पाचपट! म्हणजे दर्जा ठरवणारी माणसं कमी भिंगानं बघतात. तीसपटाखाली टाकसाळीतून आत्ता निघालेलं नाणंही शेत नांगरल्यासारखं दिसतं आणि नवशिका घाबरून चांगलं नाणं हलकं ठरवतो. मी नाणं आधी नुसत्या डोळ्यांनी हातभर अंतरावरून बघते, दर्जाचा अंदाज तिथंच घेते, आणि दहापट भिंग "हे असं का दिसतंय" हे शोधायला लावते. झीज आहे, घासलंय, का साचाच नीट बसला नव्हता. या तीन गोष्टी वेगळ्या करायला दहापट पुरतं.

साचा नीट न बसणं हे मला हाली रुपयानं शिकवलं. उस्मानअली खानाच्या रुपयावर मध्ये चारमिनार आहे आणि त्याच्या दारात एक अरबी अक्षर, ऐन, उस्मान नावाचं पहिलं. त्याच्या वडिलांच्या, महबूबअली खानाच्या रुपयावर दारात मीम असतं. चंचीतल्या सात हालींत एक मीमचा निघाला, हिजरी १३२६ चा. हे वाचून दाखवलं आमच्या शेजारच्या चाचांनी, उर्दू शाळेत शिक्षक होते. भिंग त्यांच्या हातात दिलं तर ते अर्धा तास परत देईनात. "फरखुंदा बुनियाद हैदराबाद" असं काट्याच्या बाजूचं अक्षर अन् अक्षर वाचलं. नाण्यावर ९२ आकडा आहे, मला ते साल वाटायचं. चाचांनी बोटांवर मोजून दाखवलं, मीमचे चाळीस, हेचे आठ, परत मीमचे चाळीस, दालचे चार. मुहम्मद या नावाची बेरीज ब्याण्णव. "बेटी, ये तारीख नहीं, नाम है."

तर त्यातल्या १३४२ च्या रुपयावर चारमिनारचा मधला भाग सपाट दिसतो, सज्ज्यांच्या रेघा जवळजवळ नाहीतच. मी त्याला पार खालचा दर्जा देऊन टाकला होता. एका रात्री बल्बखाली कलता केला आणि उजेडाची पट्टी त्या सपाट भागावरूनही फिरत गेली, न अडखळता. झिजलेली जागा असती तर तिथं उजेड मेला असता, करडी पडली असती. म्हणजे ही रेघ झिजली नाही, ती उमटलीच नव्हती. दाब कमी पडला असेल किंवा साचा थकला असेल. उरलेल्या भागात चकाकी भरपूर आहे. संभाजीनगरच्या व्यापाऱ्यांनी त्याला माझ्यापेक्षा एक पायरी खालचा दर्जा दिला, कमजोर ठशाला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणाले. त्यांचा अनुभव मोठा आहे. तरी माझं मत अजून बदललेलं नाही, झीज आणि कमजोर ठसा एका तागडीत टाकू नयेत.

भिंगाच्या जोडीला खिशात मावणारा एक वजनकाटा घ्यावा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. मला ४५० ला मिळाला. कलदार रुपयाचं पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. रुपयाभार हा शब्द तिथूनच आला, आमच्याकडं केशर-कस्तुरीसुद्धा रुपयाभारात तोलायचे. हाली जरा हलका, ११.१८ ग्रॅम, आणि चांदीही कमी, शंभरात ८१.८ भाग, कलदारात ९१.७. सात हालीला सहा कलदार का, हे काट्यावर ठेवल्यावर आपोआप समजतं. माझे कलदार ११.४ ते ११.६ च्या मध्ये भरले, झिजलेले तेवढे हलके. १९४० पासून कलदारातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्याला चुंबक चिकटतो. चांदीच्या रुपयाला चिकटला तर समजून जा.

रामदरबाराचं नाणं मला जड गेलं. आत्याचा त्याच्यावर फार जीव. एका बाजूला राम-सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. कुणीतरी तिला सांगितलेलं की याचे लाखात पैसे येतात. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलेलं नाही, हे पूजेसाठी आणि नंतर फसवणुकीसाठी केलेले ठोकळे. वजन कुठल्याच मापात बसेना, आणि भिंगाखाली अक्षरांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या, मोकळ्या जागेत बारीक फुगे. साच्यात ओतलेल्या धातूची ती खूण आहे. ठसा मारलेल्या नाण्याच्या अक्षराची कड कापल्यासारखी तीक्ष्ण असते. आत्याला भिंगातून दाखवलं. तिनं एक डोळा मिटून बघितलं, परत बघितलं. "मग देवात ठेवते त्याला. विकायचं कामून?" तिथं विषय संपला. लाखालाखांच्या अशा ऑफरबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. ती सूचना गावोगाव पारावर वाचून दाखवायला हवी, कारण आधी "नोंदणी फी" भरा म्हणणारे फोन अजून येतात.

फसवणूक मोठीच असते असं नाही. भिंग हातात आल्यावर उत्साहात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १३३७ चा हाली रुपया मागवला. फोटोत लखलखीत, खाली लिहिलेलं "अनसर्क्युलेटेड", किंमत ३,२०० रुपये. पार्सल फोडलं, दिवा लावला. मिनारांची टोकं गोल झालेली, आणि सगळ्या अंगावर चाकावर पॉलिश केल्याच्या रेघा. अक्षरांच्या मुळाशी पॉलिशची गुलाबी भुकटी अडकलेली. आमच्या नाण्यांतही अक्षरांत लाल आहे, पण ते कुंकू. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून बघितलं, कुंकवाचे दाणे वेगळे ओळखू येतात. माझ्या मते व्हीएफ, तेही पॉलिश केलेलं. विक्रेत्याला फोटो काढून पाठवले. आधी म्हणाले, "जुनं नाणं आहे मॅडम, एवढं चालतं." चालत नाही. न वापरलेलं म्हणून लिहिलंय तर ते न वापरलेलं असायला हवं. अकरा दिवसांनी पैसे परत आले, पाठवणीचा खर्च माझा गेला. भिंग नसतं तर मी ते नाणं कौतुकानं कपाटात ठेवलं असतं.

भिंगाबरोबर काही ठिकाणी मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांचा संच फुकट देतात, नाणी ठेवायला. त्यात ठेवू नका. वास येणारं मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. भोकाच्या दोन पैची नाणी मी हौसेनं त्यात घातली आणि पाच महिन्यांनी एकावर हिरवट चिकट थर धरला. भिंगानं तो वेळेत दिसला म्हणून दुसरी दोन वाचली. आता पुठ्ठ्याच्या चौकोनी घड्या वापरते, मायलारची पारदर्शक खिडकी असलेल्या.

भिंगाची उणी बाजू लिहिते. कव्हरचा स्क्रू तीन महिन्यांत ढिला झाला, भिंग आपोआप उघडायला लागलं. मशीनच्या बारीक पेचकसानं आवळते, महिन्यातून एकदा लागतंच. बरोबर आलेलं रेक्झिनचं पाकीट आत धूळ धरतं, काचेवर त्याचेच ओरखडे पडले असते. मी जुन्या मलमलीची थैली शिवली. चष्मा लावणाऱ्यांना चष्मा काढून बघावं लागतं, नाहीतर निम्मं दृश्य कापलं जातं. चाचांना हे अवघड गेलं, त्यांच्यासाठी एकवीस मिलिमीटरचं मोठं भिंग जास्त सोयीचं पडेल. आणि अर्ध्या तासाच्या पुढं बघू नये. डोळा थकला की दर्जा एक पायरी वर चढतो, हे मी स्वतःच्या वहीत तपासून बघितलंय. रात्री लिहिलेले दर्जे सकाळी परत बघितले तर जवळजवळ प्रत्येक वेळी खाली आणावे लागले.

हातानं ठोकलेल्या नाण्यांना मात्र हे सगळं गणित जसंच्या तसं लावू नये. दुकानात येणाऱ्या एका मुलानं घरातली शिवराई आणली. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीकडं "छत्रपति", तांब्याची, जाडजूड. त्यातलं "श्री" अर्धंच आहे. मुलगा नाराज, झिजली म्हणून. भिंगाखाली बघितलं तर उरलेल्या अक्षरांच्या रेघा उंच आणि ठसठशीत आहेत. "श्री" झिजलेलं नाही, ते तांब्याच्या तुकड्यावर आलंच नाही. साचा तुकड्यापेक्षा मोठा आणि हातोड्याचा घाव जरा बाजूला. अशा नाण्याला किती अक्षरं तुकड्यावर आली, ती किती उठून दिसतात, आणि तांब्याचा जुना तपकिरी थर शाबूत आहे का, हे बघायचं. मुलाच्या आईनं ती लिंबानं उजळायचं ठरवलं होतं. नको म्हणून मी दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. जाता जाता हेही, की कुणाला शेतात जमिनीखाली नाणी सापडली तर ती घरात ठेवायची नसतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. पैठणच्या बाजूला हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्या बाजूला कमी.

घ्यावं का? ज्यांच्या घरी चंची, बटवा, देवघरातली डबी आहे त्यांनी मोडीला जायच्या आधी घ्यावं. तीसपटाच्या आकड्याला भुलू नये, एलईडी नको, कव्हर धातूचंच हवं. मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या स्क्रूचा आणि पाकिटाचा कापला.

चौदांपैकी एकही रुपया मी विकलेला नाही. वहीत प्रत्येकाचं पान आहे, साल, टाकसाळ, वजन, दर्जा, कुठं काय दिसलं. एका कलदारावर मुकुटाच्या बरोबर वर, काठाला लागून, चांदीचा एक चपटा थेंब आहे, बाजूच्या चांदीपेक्षा पांढुरका. सोनारानं डाख देऊन कडी लावलेली आणि नंतर काढून घासून टाकलेली. दर्जाच्या दृष्टीनं तो रुपया गेलेलाच. आत्याला दाखवला तेव्हा ती म्हणाली, आजीच्या गळ्यात रुपयांची माळ होती, बहात्तरच्या दुष्काळात ती मोडली, हा एक कसा राहिला कुणास ठाऊक. त्या रुपयाच्या पानावर दर्जाची जागा मी रिकामी ठेवली आहे आणि माळेबद्दल आत्याला आठवतं ते सगळं लिहून घेतलंय.